रकाना : जात

पहाटे साडेचारला लासूरच्या गोठ्यात
बॅटरीचा उजेड तिरपा धरून झिपरू कोळी
डास ओढून घेतो. तोंडात रबरी नळी,
नळीच्या टोकाशी काच, मध्ये जाळीचा तुकडा,
डास घशात जाऊ नये म्हणून.
"काय करी राह्यना रे भो?" म्हशीआडून कुणीतरी.
"सरकारना मच्छर मोजी राह्यनू."
म्हैस शेपटी आपटते.

चोपड्याच्या आमच्या खोलीत
लासूरची मादी, वैजापूरची मादी, अनेरकाठची मादी,
भिंगाखाली सगळ्या सारख्या.
पंखांवर तेच ठिपके, सोंडेपाशी तेच पट्टे.
पण एखादी माणसाच्या कानाशी येते
आणि घरात हिवताप ठेवून जाते,
एखादी सगळा जन्म बैलाच्या पाठीवर काढते.
फवारा कुणाच्या घरात मारायचा
हे ठिपके सांगत नाहीत.

झांबरेबाईंनी रजिस्टरात
लाल शाईने रकाना आखला : जात.
म्हणाल्या, दिसण्यावरून भरायचा नाही.
लग्न लावून बघायचं.

पिंजऱ्यात ते लग्न लागत नाही.
त्यांना कातरवेळचं आभाळ हवं, नरांचा थवा हवा
उकिरड्यावर घोंगावणारा.
आमच्याकडे ट्यूबलाइट आणि गळका कूलर.
तेव्हा मीच भटजी :
मादीला ईथरची गुंगी,
नराला सुईच्या टोकावर टोचायचं,
ब्लेडने त्याचं डोकं उडवायचं,
डोकं नसलं की तो अडून बसत नाही,
आणि दोघांना शेपटीकडून तिरपं टेकवायचं.
पकड बसेपर्यंत श्वास रोखायचा. माझा.

पहिल्या दिवशी घरी जाऊन जेवले नव्हते.
आता चाळीस लावते आणि डबा खाते.

अंडी वाटीत तरंगतात, होड्यांसारखी,
दोन्ही बाजूंना हवेच्या इवल्या पिशव्या.
अळ्यांना कुत्र्याच्या बिस्किटांची पूड.
मग मुलगे मोठे होतात, आणि मी त्यांची पोटं उघडते.

अनेरकाठची आई, वैजापूरचा बाप :
उडायला चपळ, दिसायला देखणे,
आत दोन कोरडे दोरे. बीज नाही.
बाईंनी लिहिलं, जाती दोन.

लासूरची आई, वैजापूरचा बाप :
काचेवर वळवळ,
विस्कटलेल्या केसांसारखी, जिवंत.
त्यांना मुलं झाली. त्या मुलांनाही.
बाईंनी लिहिलं, जात एक.

झिपरू नळ्या धूत होता.
"म्हणजे कसं म्हणता ताई?
नातवंडं झाली की जात एक?"
हो, मी म्हणाले, डोळा भिंगालाच.
"मच्छरांत," तो म्हणाला.
मी काही बोलले नाही.
नळ बराच वेळ वाहत राहिला.

सगळ्या खोलीला ठाऊक होतं.
वैजापूरची फेरी तो सात वर्षं चुकवत आला :
पाठ धरली, साडूकडे लग्न, सायकल पंक्चर.
तिथे पावऱ्यांच्या घरात त्याची कोकिळा नांदते.

सोमवारी ड्यूटीच्या कागदावर
वैजापूरसमोर त्याची सही होती.
बॉलपेन दोनदा फिरवलेलं.

परतला तो दिवेलागणीला. नळ्यांत बावीस माद्या,
एरवी साठ आणतो.
लेबलवर, गोठा : रेमसिंग पावरा.
पकडल्याची वेळ : कोरी.
टेबलावर डबा ठेवला, त्याचा नव्हे,
आत मक्याची भाकर, अंबाडीची भाजी.
"खा ताई. नातूना पुढला दोन दात पडी ग्यात,"
आणि वळून कूलरमध्ये पाणी भरायला लागला,
कूलर भरलेला असताना.

बावीस माद्या मी बावीस वाट्यांवर ठेवल्या.
अंडी परवा येतील.
रकाना अजून रिकामाच आहे,
भाकरीचा तुकडा मोडताना
एक पिवळा डाग तेवढा त्यावर पडला.